एका घासानें काय होतें?

आपल्या पंक्तींत पाहुण्यानें "नको" म्हटलें, कीं वाढणाराचा हात मागें येत नाहीं. उलट तो अधिकच पुढें होतो. नको म्हणणें हा पाहुण्याचा धर्म आणि तें न ऐकणें हा यजमानाचा धर्म, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. "अहो, एका घासानें काय होतें?" हें वाक्य ज्यानें जेवणावळींत कधींच ऐकलें नाहीं असा मनुष्य महाराष्ट्रांत सांपडणें कठीण. या वाक्यांत अगत्य आहे, माया आहे, आणि म्हणूनच त्याला उत्तर देणें अवघड जातें. परंतु कांहीं घरें अशीं आहेत, कीं तेथें हें वाक्य कानीं पडतांच आईबापांच्या पोटांत धस्स होतें. ज्या घरांत सीलिअक रोगाचें मूल आहे, तीं हीं घरें. आमचें घर त्यांपैकीं एक. एका घासानें काय होतें, याचें खरें उत्तर आम्हांस अनुभवानें शिकावें लागलें, आणि त्यांतील बहुतेक धडे आम्हीं बाहेरच्या उपाहारगृहांत घेतले. त्यांचा उपयोग आमच्या वाचकांस व्हावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमच्याकडे वाढणारी आमची भाची आज चौदा वर्षांची आहे. अकराव्या वर्षापर्यंत ती वयाच्या मानानें फार लहानखुरी, फिकट आणि सदा थकलेली असे. लोहाच्या गोळ्या झाल्या, जंतांचें औषध झालें, घरांतील वडील मंडळींच्या समाधानासाठीं दृष्टही काढून झाली. अखेर एका डॉक्टरांनीं तिच्या रक्तांतील विशिष्ट प्रतिद्रव्यांची परीक्षा करविली, नंतर दुर्बिणीच्या साह्यानें लहान आंतड्याचा कण काढून तपासला, आणि निदान निश्चित झालें. औषध असें कांहीं नव्हतें. होतें तें केवळ पथ्य. गहूं, जव आणि युरोपांत पिकणारें राय नांवाचें धान्य, हीं तिन्ही जन्मभर वर्ज्य. घरांतलें पथ्य आम्हीं महिन्याभरांत बसविलें. पोळीच्या जागीं ज्वारीची, बाजरीची, नाचणीची भाकरी आली. रव्याचा डबा माळ्यावर गेला. भाकरीची परात, तवा आणि उलथणें वेगळें झालें. सहा महिन्यांत मुलीच्या चेहऱ्यावर रंग आला, आणि वर्षभरांत तिचे सगळे परकर आंखूड झाले.

मग एके दिवशीं, तिच्या वाढदिवसानिमित्त, आम्ही तिला घेऊन बाहेर जेवावयास गेलों. खानावळ भाकरीबद्दल नांवाजलेली होती. वाढप्यास आम्हीं विचारलें, "भाकरी तांदळाचीच ना? गहूं नाहीं ना त्यांत?" तो म्हणाला, "तांदळाचीच, साहेब. गहूं कशाला असेल?" मुलीनें दोन भाकऱ्या मोठ्या आवडीनें खाल्ल्या. त्या रात्रीं तिच्या पोटांत जें दुखूं लागलें आणि ज्या ओकाऱ्या सुरू झाल्या, त्यांनीं घरांत कोणाचाच डोळ्यास डोळा लागला नाहीं. तीन दिवस तिची शाळा बुडाली. चौथ्या दिवशीं आम्ही त्या खानावळींत पुन्हां गेलों. भांडण काढण्याची इच्छा नव्हती, काय झालें तें मात्र समजून घ्यावयाचें होतें. मालकांनीं आम्हांस सरळ आंत नेलें. तव्याशीं उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, "नुसत्या पिठीची उकड काढायला गर्दीच्या वेळीं सवड कुठें असते? मूठभर कणीक टाकली कीं भाकरी चिरत नाहीं, झट थापतां येते." बाई खोटें बोलत नव्हत्या, आणि वाढपीही खोटें बोलला नव्हता. मूठभर कणकेनें तांदळाची भाकरी गव्हाची होते, असें त्याच्या स्वप्नांतही आलें नव्हतें. चुकला होता तो आमचा प्रश्न.

हा रोग म्हणजे काय, याचें मूळ स्वयंपाकघरांतच पाहतां येतें. कणकेचा एक लहानसा गोळा घेऊन तो नळाच्या बारीक धारेखालीं चोळून चोळून धुवावा. प्रथम दुधासारखें पांढरें पाणी निघून जातें; तें धान्यांतील पिठूळ सत्त्व. पाणी स्वच्छ येऊं लागलें, कीं हातांत एक पिवळसर, चिवट, रबरासारखा ताणला जाणारा गोळा उरतो. तेंच ग्लूटेन. त्याच्याच जोरावर पोळी पातळ लाटतां येते आणि पाव फुगतो. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी यांच्या पिठांस हा चिवटपणा नाहीं, आणि म्हणूनच भाकरी थापावी लागते. विशिष्ट आनुवंशिक ठेवण असलेल्या कांहीं माणसांच्या शरीरांत हें द्रव्य गेलें, कीं शरीराचें संरक्षक दल बिथरतें आणि स्वतःच्याच लहान आंतड्यावर हल्ला चढवितें. आंतड्याच्या अस्तरावर मखमलीच्या लवीप्रमाणें जे सूक्ष्म रसांकुर असतात, ते झिजून सपाट होतात. अन्न पोटांत जातें, पण अंगीं लागत नाहीं. मग कोणास जुलाब लागतात, कोणाचें पोट फुगतें, कोणाच्या रक्तांतील लोह कांहीं केल्या वाढत नाहीं, कोणाचीं हाडें ठिसूळ होतात, मुलांची वाढ खुंटते, कित्येक स्त्रियांस वारंवार गर्भपात होतो. कांहींना तर बाहेरून काडीचाही त्रास जाणवत नाहीं, आणि आंत मात्र झीज चालूच असते. हें नुसतें अपचन नव्हे, आणि पुरळ उठून जाणारी ॲलर्जीही नव्हे.

रोग जुना आहे; त्याचें कारण मात्र अलीकडे उमगलें. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत ॲरेटीअस या ग्रीक वैद्यानें अशा दीर्घ उदरविकाराचें वर्णन केलें होतें. लंडनचे डॉक्टर सॅम्युएल गी यांनीं १८८८ सालीं या रोगाचें स्पष्ट चित्र लिहून ठेवलें, आणि रोगी बरा होणार असेल तर तो आहारानेंच होईल असें मत दिलें. परंतु आहारांतील शत्रु कोण, हें ओळखण्याचें श्रेय हॉलंडांतील बालरोगतज्ज्ञ विलेम डिक्के यांस आहे. गव्हाविषयीं त्यांना युद्धापूर्वींच संशय आला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यांत हॉलंडांत भीषण उपासमार झाली आणि पाव दिसेनासा झाला. इतर सर्व माणसें खंगत असतां हीं रोगी मुलें मात्र सुधारलीं, आणि पाव परत येतांच तीं पुन्हां आजारलीं. १९५० सालीं त्यांनीं युट्रेख्ट येथील विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधांत गव्हाचा दोष मांडला. ज्या अन्नाला सारें युरोप जीवनाचा आधार मानतें, तेंच कांहीं मुलांचें विष ठरावें, ही गोष्ट पचनीं पडावयास जगाला वेळ लागला.

"हा गोऱ्या लोकांचा रोग, आपल्याकडे कोठून?" असें म्हणण्याची सोय आतां राहिलेली नाहीं. दिल्ली व तिच्या आसपासच्या प्रदेशांत झालेली एक पाहणी २०११ सालीं प्रसिद्ध झाली. तींत सुमारें दर ९६ माणसांमागें एकास हा रोग आढळला. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणींत उत्तर भारतांत १.२३ टक्के, ईशान्य भागांत ०.८७ टक्के आणि दक्षिणेंत ०.१० टक्के असें प्रमाण दिसलें. गव्हाच्या ताटाकडून भाताच्या ताटाकडे जावें तसा आंकडा उतरत जातो. आपला महाराष्ट्र पोळी आणि भाकरी यांच्या सीमेवर आहे, आणि शहरांतील सुशिक्षित घरांत तर पोळीचेंच राज्य आहे.

आतां त्या एका घासाचा हिशेब पाहूं. मध्यम आकाराच्या एका पोळीस सुमारें ३० ग्रॅम कणीक लागते, आणि तींत ढोबळ मानानें ३ ग्रॅम, म्हणजे ३,००० मिलिग्रॅम ग्लूटेन असतें. इटलींतील शास्त्रज्ञांनीं पथ्यावर असलेल्या रोग्यांस तीन महिने रोज केवळ ५० मिलिग्रॅम ग्लूटेन देऊन पाहिलें. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत एवढ्यानेंही आंतड्यास इजा पोंचत असल्याचें दिसून आलें. ५० मिलिग्रॅम म्हणजे पोळीचा साठावा भाग. चिमटींत मावणारी कणीक. रोजचा अंश १० मिलिग्रॅमच्या आंत राहिला तर बहुतेकांस धोका नाहीं असें आज मानतात, आणि तो भाग पोळीच्या तीनशेव्या हिश्शाइतका भरतो. किलोमागें २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन नसेल त्याच अन्नास 'ग्लूटेनमुक्त' म्हणावें, असा दंडक आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेनें २००८ सालीं घातला, आणि आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचाही दंडक हाच आहे. भाजल्यानें, तळल्यानें अथवा उकळल्यानें हें द्रव्य नाहींसें होत नाहीं. तेव्हां एका घासानें काय होतें, तर एका घासानें पुष्कळ होतें. आणि तोच घास आठवड्यास दोनदां गेला, तर पथ्य केलें न केलें सारखेंच.

ही सूक्ष्मता ऐकून पुष्कळ मंडळी हंसतात. आम्हांस मात्र आमच्या आजीची आठवण होते. तिच्या स्वयंपाकघरांत भाताचें खरकटें लागलेला डाव दुधाच्या भांड्यांत गेला, तर दूध गेलें. लोणच्याच्या बरणीस जेवत्या हाताचा स्पर्श झाला, तर बरणी बाद. डोळ्यांस न दिसणारा अंश एका भांड्यांतून दुसऱ्यांत जातो, ही कल्पना तिला समजावून सांगावी लागली नसती. त्या आचाराची दुसरी बाजू अशी होती, कीं तिनें माणसासच अपवित्र ठरविलें आणि उंबऱ्याबाहेर उभें केलें. ती बाजू अन्यायाची होती, आणि जेथें कोठें ती अजून रेंगाळत असेल तेथूनही ती गेली पाहिजे. येथें शिवाशिव माणसाची नाहीं, पिठाची आहे. हात कोणाचाही असो, तो धुतलेला असला म्हणजे झालें. आणि हात प्रत्यक्ष आईचा असला, पण त्याला कणीक लागलेली असली, तर तो चालत नाहीं. एवढा फरक ध्यानांत ठेवला, म्हणजे बाहेर जेवण्याचें निम्में शास्त्र हातीं आलें.

उरलेलें निम्में म्हणजे आपल्या उपाहारगृहांतील पदार्थांची खरी ओळख. उघड शत्रु सर्वांस ठाऊक आहेत: पोळी, पुरी, पाव, रव्याचा शिरा व उपमा, शेवया, जिलबी, गुलाबजाम. छुपे शत्रु निराळे. पहिला हिंग. बाजारांत डबींतून मिळणारा हिंग बहुधा शुद्ध नसतो. त्यांत खाण्याचा डिंक आणि पुष्कळदां मैदा अथवा कणीक मिसळलेली असते. कांहीं उत्पादक तिच्याऐवजीं तांदळाचें पीठ घालतात, पण उपाहारगृहांत कोणता हिंग आहे हें डबी पाहिल्यावांचून कळत नाहीं. आमटी, सांबार, पोहे, बटाट्याची भाजी, लोणचें, सर्वांत त्याचा संचार. दुसरा शत्रु कढईंतील तेल. साबुदाण्याचा वडा उपवासाचा खरा. पण ज्या तेलांत समोसे आणि पुऱ्या तळल्या, त्याच तेलांत तो पडला, तर उपवास राहील, पथ्य राहणार नाहीं. अमेरिकेंत दहा उपाहारगृहांतून तळलेल्या बटाट्याचे वीस नमुने आणून तपासले होते. ते सर्व सामाईक तेलांतले होते. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या या लहानशा पाहणींत नऊ नमुन्यांत ग्लूटेनचा अंश सांपडला. बटाट्यास गहूं कधींच ठाऊक नव्हता. तेलास ठाऊक होता.

तिसरा शत्रु तवा. डोसा तांदूळ व उडीद यांचा, पण त्याच तव्यावर रवा डोसा होतो आणि पावही भाजला जातो. शिवाय डोसा कुरकुरीत व्हावा म्हणून पिठांत रवा मिसळण्याची चाल कित्येक ठिकाणीं आहे. थालिपिठाच्या भाजणींत बहुधा गहूं असतोच. मिसळीचा रस्सा निर्दोष असला, तरी वरच्या फरसाणांत मैद्याच्या वस्तु असतात. चिनी पद्धतीच्या पदार्थांतील सोया सॉस बहुधा गव्हाच्या साह्यानेंच आंबविलेला असतो. माल्ट हा शब्द दिसला, कीं जव समजावे. ओट स्वतः बहुतेकांस चालतात, परंतु शेतांत व गिरणींत त्यांत गहूं मिसळलेला असतो, म्हणून खास निवडलेले नसतील तर ते टाळावे. ज्वारीचें पीठही गव्हामागून त्याच जात्यावर दळलें गेलें असेल, तर तें निर्भेळ राहत नाहीं.

ही यादी वाचून कोणी घाबरूं नये, कारण चांगल्या बाजूची यादीही लहान नाहीं. वाफेवर शिजलेली इडली, तीही रव्याची नव्हे अशी खात्री करून आणि सांबाराऐवजीं दह्याबरोबर; साधा भात; फोडणी न दिलेलें वरण; घट्ट दहीं, ताक, सोलकढी; शेंगदाण्याच्या कुटाची साबुदाण्याची खिचडी; वरईचे तांदूळ; उकडीचे मोदक; श्रीखंड आणि बासुंदी; शहाळें, फळें. एकादशीचा फराळ या मुलांस वर्षभर उपयोगी पडतो, असें आम्ही घरांत थट्टेनें म्हणतों. नियम असा, कीं पदार्थांत जितके घटक कमी आणि त्यावर जितके हात कमी, तितका तो निर्धोक.

विचारावें कसें, हें आम्हीं त्या भाकरीपासून शिकलों. "यांत गहूं नाहीं ना?" असा प्रश्न कधींही विचारूं नये. त्याचें उत्तर प्रश्नांतच असतें, आणि गर्दींत धांवणारा वाढपी तेंच आपणांस परत करतो. "यांत काय काय घालतां?" असें विचारावें, आणि उत्तर मिळेतों थांबावें. 'ग्लूटेन' हा शब्द आमच्या अनुभवांत निरुपयोगी ठरला. गहूं, कणीक, मैदा, रवा, शेवया, जव, हिंग, असें एकेक नांव घ्यावें. कित्येकांच्या मनांत मैदा आणि गहूं यांचें नातेंच जुळलेलें नसतें. "गहूं नाहीं, फक्त मैदा आहे," असें उत्तर आम्हांस प्रामाणिकपणें मिळालेलें आहे. पदार्थाविषयीं विचारून झालें, कीं तेलाविषयीं विचारावें: याच कढईंत आणखी काय तळतां? मग तव्याविषयीं: तो धुऊन घेतां येईल काय? मग डावाविषयीं: या पातेल्याचा डाव दुसऱ्या पातेल्यांत जातो काय? शेवटीं हाताविषयीं: पोळ्या वाढणारा हातच आमचें ताट आणणार काय? हे पांच प्रश्न वाढप्यास न विचारतां आचाऱ्यास अथवा मालकास विचारावे, आणि तेही गर्दीच्या वेळीं नव्हे. दुपारीं चारच्या सुमारास दूरध्वनि करून किंवा प्रत्यक्ष जाऊन बोललें, तर बहुतेक माणसें आस्थेनें ऐकतात. एक चिठ्ठी मराठी व हिंदींत लिहून जवळ ठेवावी. ती स्वयंपाकघरांत आंत जाते, आपल्याला जातां येत नाहीं. "हें आवडीनिवडीचें नाहीं, आजाराचें पथ्य आहे; चुकून थोडें पीठ लागलें तरी मुलगी आजारी पडते," हें वाक्य त्या चिठ्ठीच्या माथ्यावर असावें. आणि एवढें करूनही समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर त्रासिकपणा अथवा गोंधळ दिसला, तर आभार मानून उठावें. उठून जाण्यांत कोणाचाही अपमान नाहीं.

'ग्लूटेनमुक्त' ही पाटी पाहूनही निश्चिंत होऊं नये. अमेरिकेंत लहानसें तपासणीयंत्र खिशांत बाळगणाऱ्या लोकांनीं अठरा महिन्यांत उपाहारगृहांतील पदार्थांच्या ५,६२४ परीक्षा केल्या. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाप्रमाणें, ग्लूटेनमुक्त म्हणून वाढलेल्या पदार्थांपैकीं ३२ टक्क्यांत ग्लूटेन आढळलें. पिझ्झा आणि पास्ता यांत तर निम्म्याहून अधिक वेळां. ज्याचा संशय येतो तोच पदार्थ लोक अधिक तपासतात, हें जमेस धरूनही हा आंकडा विचार करावयास लावणारा आहे. पाटी लावणें सोपें, वेगळा डाव ठेवणें कठीण.

परंतु जें कठीण तें अशक्य नव्हे, याचें उदाहरण इटलीनें घालून दिलें आहे. पास्ता आणि पाव यांवर जगणाऱ्या त्या देशांत वास्तविक या रोग्यांनीं घराबाहेर पाऊलच टाकूं नये. पण तेथें १९७९ सालीं रोग्यांच्या आईबापांनीं एक मंडळ स्थापन केलें. आज तें मंडळ उपाहारगृहांच्या आचाऱ्यांस शिक्षण देतें, स्वयंपाकघरें तपासतें, आणि कसोटीस उतरलेल्या घरांची यादी प्रसिद्ध करतें. पास्ता उकळण्याचें पाणी वेगळें, चाळणी वेगळी, पीठ उधळतें ती जागा वेगळी, असे त्यांचे नियम आहेत. २००५ सालच्या कायद्यानें तेथील सरकारनें शाळा, रुग्णालयें आणि सार्वजनिक भोजनालयें यांत मागेल त्यास ग्लूटेनमुक्त जेवण देण्याचें बंधन घातलें, आणि २०२३ सालीं मुलांची सरसकट तपासणी करण्याचाही कायदा केला. युरोपीय संघाच्या सर्व देशांत १३ डिसेंबर २०१४ पासून उपाहारगृहानें पदार्थांतील ग्लूटेनयुक्त धान्यांची माहिती ग्राहकास दिलीच पाहिजे असा नियम आहे. आपल्याकडेही २०२० सालच्या नियमावलींत, दहा किंवा अधिक ठिकाणीं शाखा असलेल्या उपाहारगृहांनीं अशी माहिती द्यावी असें म्हटलें आहे. पण कोपऱ्यावरची खानावळ त्यांत येत नाहीं, आणि आपण जेवतों ती बहुधा तेथेंच. म्हणून तूर्त कायद्याचें काम ग्राहकाच्या जिभेनेंच केलें पाहिजे.

प्रवासांत आमचा भरंवसा डब्यावर आहे. आपले आजे-पणजे काशीयात्रेस निघतांना दुधांत भिजविलेल्या दशम्या बांधून नेत, आणि परक्या गांवीं त्यांत कोणास लाज वाटत नसे. आमची भाची नाचणीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी नेते. उपाहारगृहांत बाहेरचें अन्न खाऊं देत नाहींत. परंतु मालकास आधीं कारण सांगून परवानगी मागितली, आणि बाकीच्यांनीं तेथलें जेवण घेतलें, तर आम्हांस आजवर एकदांच नकार मिळाला आहे.

दोन सूचना येथें आवश्यक आहेत. आपल्या मुलास हा रोग असावा अशी शंका आल्यास तपासणीपूर्वीं गहूं बंद करूं नये; तो बंद केला म्हणजे रक्तांतील व आंतड्यांतील खुणा पुसट होतात आणि निदान चुकतें. दुसरी सूचना अपघाताविषयीं. काळजी घेऊनही एखादे वेळीं चूक होणारच. तेव्हां मुलास रागें भरूं नये, बळेंच ओकारी काढूं नये. पाणी द्यावें, विश्रांति द्यावी, त्रास अधिक वाटल्यास डॉक्टरांस दाखवावें, आणि चूक कोठें झाली तें शांतपणें शोधावें. एका अपघातानें वर्षाची कमाई बुडत नाहीं. रोजच्या हयगयीनें मात्र बुडते.

कारण या रोगांत भीतीचेंही एक पथ्य आहे. त्या भाकरीच्या प्रसंगानंतर आम्हीं जवळजवळ वर्षभर मुलीस बाहेर जेवूं दिलें नाहीं. मैत्रिणींच्या वाढदिवसास ती जाईनाशी झाली, शाळेच्या सहलीच्या दिवशीं तिचें डोकें दुखूं लागलें. आंतडें बरें होत होतें आणि मूल एकटें पडत होतें, हें आमच्या उशिरां ध्यानांत आलें. मग आम्हीं पद्धत बदलली: प्रश्न आम्हीं विचारावयाचे नाहींत, तिनेंच विचारावयाचे. पहिल्या दिवशीं तिचा आवाज फुटेना. आज ती गल्ल्यावरील माणसास "काका, तुमची हिंगाची डबी जरा बघूं का?" असें बिनधास्त विचारते, आणि डबीवरील बारीक अक्षरें आमच्याहून लवकर वाचते.

गेल्या महिन्यांत आप्तांकडील एका लग्नांत ती आमच्या शेजारीं पंक्तीस बसली होती. तिच्या पानावर भात, साधें वरण, तूप आणि घरून आणलेली भाकरी होती. यजमानांच्या वृद्ध आत्याबाई जिलबीचें ताट घेऊन आल्या. मुलीनें पानावर हात आडवा धरून सांगितलें, "आजी, मला गहूं आणि मैदा चालत नाहीं. थोडाही नाहीं. मी आजारी पडतें." आम्ही श्वास रोखून त्या नेहमींच्या वाक्याची वाट पाहूं लागलों. आत्याबाई क्षणभर तिच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनीं ताट शेजारच्या मुलाच्या हातीं दिलें, हात पदरास पुसूं लागल्या, पण तेथेंच थबकल्या, जाऊन ते धुऊन आल्या, आणि तिच्याजवळ बसून म्हणाल्या, "मग बाळ, तुला काय वाढूं?"